कानात दडा बसलाय? फुंकण्याआधी हुंकार देऊन पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन आठवड्यांपूर्वी जोराची सर्दी झाली, ती बरी झाली, पण उजव्या कानातला दडा काही सुटत नाही. स्वतःचा आवाज कानात घुमतो. गिळताना टक् असा आवाज होतो. नाक दाबून फुंकले की क्षणभर मोकळे वाटते आणि पुन्हा कान गच्च. दिवसभर हेच चालू आहे. औषधांच्या दुकानातून आणलेले कानाचे थेंब घालून झाले, आणि पुढच्या आठवड्यात विमानाने जायचे आहे. मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे आणि ही तक्रार रोज ऐकते. तरीही उत्तर लांब देतेय, कारण ‘कानात प्रेशर आल्यासारखं वाटतं’ या एका वाक्यामागे निरनिराळे आजार असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला अपाय करू शकतो.

उपायांकडे वळण्याआधी एक गोष्ट आत्ताच करा. तोंड मिटून खालच्या पट्टीत ‘म्म्म्’ असा लांब हुंकार द्या आणि आवाज कोणत्या कानात जास्त घुमतो ते पाहा. दडा बसलेल्याच कानात घुमत असेल, तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, पडद्यामागचे पाणी, किंवा हवा नीट न पोचणे. बाहेरचे आवाज त्या कानात अडतात, त्यामुळे हाडातून पोचणारा स्वतःचा आवाज तिथे मोठा वाटतो. आवाज चांगल्या कानाकडे सरकत असेल, तर दडा बसलेल्या कानाची नसच मंदावलेली असू शकते. दवाखान्यात आम्ही हीच परीक्षा ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर एकाच सुरात वाजणारा धातूचा चिमटा, कपाळावर टेकवून करतो. घरच्या हुंकारावरून निदान पक्के होत नाही, पण किती घाई करायची हे त्यावरून ठरवता येते.

घाईचे कारण सांगते. काही माणसांची एका कानाची श्रवणशक्ती अचानक, काही तासांत किंवा फार तर तीन दिवसांत घसरते. बरेच जण सकाळी उठतात ते कान बंद झालेला घेऊनच. दुखत नाही, ताप नाही, काही वाहत नाही. नुसते कान भरल्यासारखे वाटते आणि सोबत शिटीसारखा किंवा गुणगुणल्यासारखा आवाज येतो. माणूस समजतो मळ असेल, नाहीतर सर्दी उतरली असेल, आणि पंधरा दिवस थेंब घालत बसतो. या आजारात स्टेरॉइड जितके लवकर सुरू होईल तितकी ऐकू येणे परतण्याची आशा जास्त. दोन आठवडे उलटले की ती झपाट्याने कमी होत जाते. म्हणून एक कान अचानक बंद झाला, फोन त्या कानाला लावल्यावर शब्द कळेनासे झाले किंवा आवाज फाटका येऊ लागला, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान तपासून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. ‘कान स्वच्छ आहे, पडदा छान आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. या आजारात कान स्वच्छच असतो आणि पडदाही छानच दिसतो. ऐकण्याची चाचणी केल्याशिवाय तो पकडता येत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला तसे वाटत नाही. सर्दीनंतर सुरू झालेला दडा, गिळताना होणारा टक् आवाज, फुंकल्यावर क्षणभर मिळणारा आराम, हे सगळे नाकामागून कानात हवा पोचवणाऱ्या युस्टेशियन नळीकडे बोट दाखवते. तरी हुंकार देऊन पाहाच.

पडद्याच्या आतल्या बाजूला मधला कान म्हणजे हवेने भरलेली लहानशी पोकळी असते. तिच्या अस्तरातून हवा सतत रक्तात शोषली जाते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. हे काम युस्टेशियन नळीचे. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात तिचे तोंड असते आणि मोठ्या माणसात ती साधारण ३५ मिलीमीटर लांब असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा आणि कायम उघडा. उरलेला भाग कूर्चेचा, एरवी मिटलेला. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू ती क्षणभर उघडतो. तुम्हाला ऐकू येणारा टक् म्हणजे तेच उघडणे.

सर्दीत या नळीचे अस्तर सुजते. नळी उघडेनाशी होते, आतली हवा मात्र शोषली जातच राहते. दाब उतरतो आणि पडदा आत खेचला जातो. म्हणजे कोणी आतून दाबतेय असे वाटत असले तरी खरे तर आत हवा कमी पडलेली असते. हे बरेच दिवस चालले की अस्तरातून पातळ स्राव झिरपून पोकळीत साठतो. त्यालाच आपण पडद्यामागे पाणी झाले म्हणतो.

एवढे लक्षात आले की कानाचे थेंब का लागू पडले नाहीत तेही समजते. पडदा शाबूत असेल तर थेंब त्याच्या अलीकडेच राहतात. बिघाड पलीकडे आहे, आणि त्याचे मूळ नाकामागे. तुमचे थेंब मळाचे असोत वा जंतुसंसर्गाचे, ते थांबवा. अँटिबायोटिक गोळ्यांचेही तसेच: ताप, ठणका, पू यांपैकी काही नसताना त्या घेऊन नळी उघडत नाही.

आता फुंकण्याबद्दल. नाक दाबून फुंकण्याची ही रीत इटलीच्या अंतोनियो वाल्साल्व्हा यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १७०४ साली कानावरच्या आपल्या ग्रंथात ती दिली, तीही मधल्या कानातला पू बाहेर काढण्यासाठी. रीत चांगली आहे, पण बहुतेक जण ती फार जोरात करतात. ओल्या कागदाच्या नळीतून जोरात हवा ओढली की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात, तसे या नळीचे होते: आतला दाब फार उतरला की कितीही फुंका, ती उघडत नाही. मग माणूस आणखी जोर लावतो. त्या जोराने मेंदूभोवतालच्या द्रवाचा दाब वाढतो, तो आतल्या कानापर्यंत पोचतो, आणि क्वचित तिथला नाजूक पापुद्रा फाटतो. फुंकल्याबरोबर गरगरायला लागले किंवा ऐकू येणे कमी झाले तर ती तातडीची गोष्ट समजा. फुंकायचेच असेल तर आधी नाक हलके शिंकरून घ्या, नाकपुड्या चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हळूहळू, दोन-तीन सेकंद, गाल फुगतील इतकाच जोर द्या. दिवसातून चार-पाच वेळा पुरे. सर्दी ऐन भरात असताना, नाकातून घट्ट शेंबूड येत असताना फुंकू नका. तो कानाकडे ढकलला जाऊ शकतो.

मी स्वतः रुग्णांना आधी दुसरी रीत शिकवते. नाक चिमटीत धरून घोटभर पाणी गिळायचे. लंडनचे कर्णतज्ज्ञ जोसेफ टॉयन्बी यांच्या नावाची ही रीत एकोणिसाव्या शतकातली आहे. गिळताना नळीचा स्नायू आपोआप काम करतो, आणि जोर लावून इजा करण्याचा प्रश्नच येत नाही. काहींना दोन्ही एकत्र जमते: हलके फुंकता फुंकता गिळायचे. च्युइंगम चघळणे, खरोखरीच्या जांभया देणे, हेही त्याच तत्त्वावर चालते. हे दिवसभर अधूनमधून केले तरी चालते.

नाकावरच्या उपायांत मी मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला पहिला मान देते. पाणी उकळून कोमट केलेले किंवा निर्जंतुकच हवे, थेट नळाचे कधीच नाही, कारण साध्या पाण्यातले काही सूक्ष्मजीव नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात आणि तो संसर्ग जिवावर बेततो. धुतल्यावर डोके पुढे झुकवून पाणी निथळू द्या, लगेच जोरात शिंकरू नका.

अ‍ॅलर्जी असेल, म्हणजे सकाळी शिंका, नाकाला खाज, वाहते पाणी असे काही असेल, तर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे उपयोगी पडतो. अ‍ॅलर्जी नसताना नुसत्या नळीच्या सुजेवर त्याचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि ते मी रुग्णाला स्पष्ट सांगते. द्यायचाच असेल तर नीट मारायला शिकवते, कारण बहुतेक जण तो नाकाच्या मधल्या पडद्यावर मारतात. तिथे त्याचा फायदा होत नाही आणि रक्त मात्र येते. डोके किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा. टोक त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने असू द्या. मारताना श्वास हलका घ्या. सूं करून ओढलात तर औषध घशात उतरते. परिणाम एका दिवसात दिसत नाही, दोन आठवडे तरी नियमित मारावा लागतो.

नाक झटकन मोकळे करणारे थेंब, म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन, हे वेगळे प्रकरण आहे. पाच मिनिटांत आराम पडतो म्हणून लोकांना ते आवडतात. तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे घातले तर नाक थेंबांशिवाय उघडेनासे होते आणि सूज उलट वाढते. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी हे थेंब आणि त्याच जातीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. धूम्रपान करत असाल तर नळीचे अस्तर रोज नव्याने सुजते, आणि तिथे कोणत्याही स्प्रेचा टिकाव लागत नाही.

मग किती थांबायचे? सर्दी गेल्यावरही नळीची सूज मागे रेंगाळते. बहुतेकांचा कान काही आठवड्यांत आपोआप सुटतो. पाणी साठले असेल तर तीन महिन्यांपर्यंतही लागू शकतात. हळूहळू का होईना, सुधारणा दिसत असेल तर धीर धरण्यात नुकसान नाही.

विमानाचे मात्र थांबून चालत नाही, म्हणून ते नीट समजून घ्या. विमान कितीही उंच गेले तरी आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. वर जाताना मधल्या कानातली जादा हवा नळीतून आपसूक बाहेर पडते, त्यामुळे सहसा त्रास होत नाही. त्रास होतो उतरताना, कारण तेव्हा हवा आत घ्यावी लागते आणि त्यासाठी नळी स्नायूने उघडावी लागते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा साधारण ९० मिलीमीटर पाऱ्याइतका वाढला की नळी पक्की मिटते आणि स्नायूलाही दाद देत नाही. म्हणून कान दुखायला लागेपर्यंत वाट पाहायची नाही. विमान खाली येऊ लागले की लगेच, दर मिनिटाला गिळत राहायचे, मधूनमधून हलके फुंकायचे. त्या वेळी झोपू नका. झोपेत गिळणे फार कमी होते. उतरायला लागण्याच्या अर्धा तास आधी नाकात वर सांगितलेले झटपट थेंब घालता येतात. हा त्यांचा अगदी योग्य उपयोग आहे. दाब हळूहळू बदलू देणारे खास इअरप्लग मिळतात. काहींना त्यांनी बरे वाटते, पण मिटलेली नळी ते उघडू शकत नाहीत.

तुमच्या बाबतीत, फुंकल्यावर कान क्षणभर तरी सुटतोय याचा अर्थ नळी पूर्ण बंद नाही. तेव्हा प्रवास बहुधा जमेल. मात्र निघण्याआधी पडदा दाखवून घ्या. तेव्हाही कान अजिबात सुटत नसेल किंवा पुन्हा सर्दी झाली असेल, तर शक्य असल्यास प्रवास पुढे ढकला. पडद्यामागे पोकळी पूर्ण पाण्याने भरलेली असेल तर, ऐकायला विचित्र वाटेल, पण विमानात दुखणे कमीच होते, कारण दाबाला खेळायला तिथे हवाच उरलेली नसते. अर्धवट पाणी, अर्धवट हवा ही स्थिती जास्त त्रासाची.

पाण्यात सूर मारणाऱ्यांना आणि डायव्हिंग करणाऱ्यांना हेच गणित फार लवकर गाठते. ९० मिलीमीटर पारा म्हणजे जेमतेम सव्वा मीटर पाणी. तेवढ्या खोलीवर नळी मिटू शकते, आणि १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. दडा बसलेला असताना पाण्याखाली जाऊ नका. यात तडजोड नाही.

आता नळीचा दोष नसताना कान भरल्यासारखा वाटण्याची कारणे. सर्वांत साधे म्हणजे मळ, तोही बहुधा कापसाच्या काडीने आत ठासलेला. आंघोळीनंतर कान अचानक बंद झाला तर मळ पाण्याने फुगला असे समजावे. पडदा शाबूत असल्याची खात्री करून हा मळ थेंबांनी मऊ करावा किंवा काढून घ्यावा. मेणबत्तीसारखी नळी कानात पेटवण्याचे प्रकार पूर्ण निरुपयोगी आहेत आणि त्यांनी भाजते.

दुसरे कारण जबड्याचे, आणि ते फार वेळा निसटते. कान तपासला, ऐकण्याची चाचणी केली, पडद्याचा दाब मोजला, सगळे उत्तम, आणि तरी रुग्ण सांगतो की कान भरलेला आहे. अशा माणसाच्या कानापुढे, जबड्याच्या सांध्यावर बोट दाबले की तो दचकतो. रात्री दात खाण्याची सवय, ताण, एकाच बाजूने चावणे, असे काहीतरी निघते. चावण्याचे स्नायू, कानाच्या पडद्याला ताण देणारा स्नायू आणि नळी उघडणारा स्नायू या सगळ्यांना एकाच नसेच्या फांद्या जातात, म्हणून जबड्याची कुरबुर कानात जाणवते. इथे नाकातले स्प्रे वर्षभर मारले तरी उपयोग नाही. जबड्याला विश्रांती, शेक, मऊ खाणे, स्नायूंचे व्यायाम आणि गरज पडल्यास दंतवैद्याकडून रात्रीची पट्टी, हे त्याचे उपचार.

तिसरे कारण नेमके उलटे असते: नळी मिटतच नाही. स्वतःचे बोलणे तर घुमतेच, पण स्वतःचा श्वासही कानात येता-जाता ऐकू येतो. आडवे झाले किंवा डोके गुडघ्यांत खाली घातले की काही क्षणांत बरे वाटते. वजन झपाट्याने उतरलेल्यांत आणि गरोदरपणात हे दिसते. काही जण सारखे नाक आत ओढून नळी मिटवतात, आणि त्या सवयीने कानातला दाब उतरून पडदा आत खचतो. या माणसांना नाक सुकवणारी औषधे दिली की त्रास वाढतो. म्हणून ‘प्रेशर’ म्हटले की डोळे झाकून तीच औषधे देऊ नयेत, असे मी कळकळीने सांगते.

भरलेपणासोबत गरगरण्याचे झटके येत असतील, झटका वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकत असेल, त्या सुमारास ऐकू येणे कमी होऊन पुन्हा सुधारत असेल, तर मेनियरचा आजार तपासावा लागतो. तो आतल्या कानाचा आहे आणि त्याची वाट पूर्ण वेगळी आहे.

यांतले तुमचे कोणते हे ठरवायला टिंपॅनोमेट्री ही चाचणी फार कामाची. कानात मऊ बूच बसवून दाब थोडा कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते मोजतात. काही सेकंद लागतात, दुखत नाही. आलेखाचे शिखर मधोमध असेल तर दाब ठीक, शिखर उणे बाजूला सरकले असेल तर आत हवा कमी, आणि रेघ सपाट आली तर पाणी किंवा पडद्याला छिद्र. सर्दीनंतर सहा आठवड्यांत दडा सुटला नाही तर ऑडिओमेट्री आणि ही चाचणी दोन्ही करून घ्या. ठणका, स्राव, चक्कर, चेहरा वाकडा होणे यांपैकी काही दिसले तर सहा आठवडे थांबू नका.

मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठून ते हटत नसेल, तर दुर्बिणीने नाकाच्या मागचा भाग पाहिलाच पाहिजे. नळीच्या तोंडाशी वाढलेली गाठ हे त्याचे कारण असू शकते. ती क्वचित असते, पण लवकर सापडली तर उपचार चांगले लागू पडतात. ही तपासणी बाह्यरुग्ण विभागात होते, भूल लागत नाही, आणि सुचवली गेली तर घाबरून टाळू नका.

तीन महिन्यांनंतरही पाणी किंवा उणा दाब राहिला तर पडद्याला बारीक छेद देऊन तिथे ग्रॉमेट, म्हणजे छोटी नळी, बसवता येते. मोठ्यांत हे नुसता भाग बधिर करून होते. ग्रॉमेट साधारण सहा महिने ते दीड वर्षात आपोआप बाहेर पडते. दुसरा मार्ग म्हणजे नाकावाटे नळीत फुगा घालून तिला काही मिनिटे ताणणे. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. निवडक रुग्णांत तो चांगला चालतो, पण जबड्याचा त्रास किंवा उघडी राहणारी नळी असलेल्यांत तो करू नये. म्हणून आधी टिंपॅनोमेट्रीत दोष दिसायला हवा. केवळ भरल्यासारखे वाटते एवढ्यावर फुगा फुगवायला मी तयार होत नाही.

घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी थोडे वेगळे लिहिते. मुलांची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, जन्मतः मोठ्या माणसाच्या निम्मीच, म्हणून त्यांना पाणी फार लवकर साठते आणि बहुतेक वेळा तीन महिन्यांत आपोआप ओसरते. त्यासाठी अँटिबायोटिक, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किंवा स्टेरॉइडचा स्प्रे सरसकट देऊ नये. नाकाने फुगा फुगवण्याचे साधन मिळते. चार-पाच वर्षांपुढची मुले ते हौसेने करतात आणि काहींना त्याचा फायदा होतो. तान्ह्या बाळाला विमान उतरताना जागे करून दूध पाजा. मूल ‘कान दुखतो’ असे म्हणणारच नाही हे गृहीत धरा. ते टीव्हीचा आवाज वाढवते, हाक मारल्यावर वळत नाही, वर्गात लक्ष नाही म्हणून बोलणी खाते. पाणी तीन महिने टिकले, बोलणे उशिरा येत असले, किंवा मूल तोंड उघडे टाकून घोरत असले, तर ऐकण्याची चाचणी आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड नावाच्या गाठीची तपासणी दोन्ही एकाच वेळी करून घ्या. टाळू दुभंगलेल्या मुलाच्या बाबतीत तर तीन महिनेही थांबू नका. नळी उघडणारा स्नायूच तिथे नीट जोडलेला नसतो, त्यामुळे त्याचे कान पहिल्या वर्षापासून नियमित तपासावे लागतात.